भारताचा फुटबॉलसंघ आणि त्याला पोसणारे मुलूख

मिरजेला पटवर्धनांच्या संस्थानाने प्रतिष्ठा दिली, 1894 साली उभ्या राहिलेल्या वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयाने दूरदूरच्या रोग्यांत तिचे नाव केले आणि तंतुवाद्यांच्या कारागिरांनी ते गवयांच्या घरोघर पोचविले. परंतु इतर मुलखांशी या गावाचा नित्याचा संबंध जोडला तो रेल्वेने. एक फाटा पुण्यावरून मुंबईस, दुसरा कोल्हापुरास, तिसरा लोंढ्यावरून गोमंतकाकडे आणि चौथा, पूर्वी अरुंद रुळांचा असलेला, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून लातुरास, म्हणजे 1948 पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असलेल्या प्रदेशात जाणारा. भारताच्या राष्ट्रीय फुटबॉलसंघाचा इतिहास सांगू लागले की कलकत्त्याखालोखाल ज्यांची नावे घ्यावी लागतात ती मुंबई, गोवा आणि हैदराबाद ही या फाट्यांच्याच दिशांना आहेत. आणि ज्या कोल्हापुरात या खेळावर पेठापेठांचा जीव जडलेला आहे ते तर मिरजेचे शेजारच. म्हणून हा इतिहास केवळ जयापजयांच्या जंत्रीतून न पाहता, त्या संघाला माणसे कोणी पुरविली, कोणत्या खात्यांनी त्या माणसांच्या पोटापाण्याची तजवीज केली आणि कोणत्या शिक्षकाने त्यांना घडविले, या अंगाने पाहावा असे मला वाटते. कारण संघाचा उत्कर्ष आणि त्याची पडती या दोहोंची कारणे तेथेच सापडतात.

हा खेळ आपल्याकडे आणला गोऱ्या पलटणींनी. सिमल्यास 1888 साली ड्युरँड चषक आणि मुंबईस 1891 साली रोव्हर्स चषक सुरू झाला तेव्हा मैदानावर सोजीर खेळत आणि एतद्देशीय लोक दोरीबाहेर उभे राहून पाहत. दोरीबाहेरची माणसे आत येण्यास फार काळ लागला नाही. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने, ज्यातील एक वगळता सारे गडी अनवाणी होते, ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा 2-1 असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, आणि वंगभंगाच्या चळवळीने आधीच पेटलेल्या बंगालात त्या विजयाला खेळाच्या पलीकडचा अर्थ प्राप्त झाला. अखिल भारतीय महासंघ मात्र पुष्कळ उशिरा, 1937 साली, सिमल्यास स्थापन झाला. पुढल्याच वर्षी भारताचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. परंतु स्वतंत्र राष्ट्राचा संघ म्हणून जगापुढे उभे राहण्याचा योग 1948 च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत आला नाही.

त्या संघाचा नायक होता नागा टेकड्यांतून कलकत्त्यास वैद्यकी शिकण्यासाठी आलेला तालिमेरेन आओ. रुग्णालयांच्या गावात राहणाऱ्या मिरजकराला हे विशेष आवडेल, की स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉलनायक पुढे व्यवसायाने डॉक्टर झाला आणि आपल्या प्रदेशाच्या आरोग्यखात्याचा प्रमुख म्हणून त्याने सेवा केली. 31 जुलै 1948 रोजी इलफर्ड येथे फ्रान्सशी गाठ पडली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, काहींनी पायांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या. फ्रान्सने आघाडी घेतली, रामनने ती फेडली, दोन पेनल्टी आपण दवडल्या आणि सामना संपता संपता फ्रान्सने दुसरा गोल करून तो जिंकला. पराभूत होऊनही त्या संघाने इंग्लंडच्या प्रेक्षकांचे मन जिंकले, आणि अनवाणी पायांची ती प्रतिमा मात्र आपल्या फुटबॉलला अशी चिकटली, की पुढे एका भ्रामक कथेचा जन्म तिच्यातूनच झाला.

ती कथा घरोघर सांगितली जाते. 1950 साली ब्राझीलमध्ये विश्वचषक भरला, भारताची निवड झाली, परंतु बूट घातल्यावाचून खेळता येणार नाही असे फर्मान सुटल्यामुळे आपला संघ गेला नाही, अशी ती कथा. वस्तुस्थिती निराळी आहे. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला पात्रता आयतीच मिळाली होती. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपले नाव पडले होते, आणि प्रवासखर्चाचा मोठा भार उचलण्याची तयारी यजमानांनी दर्शविली होती. महासंघाने माघार घेताना सरावास अपुरा वेळ आणि संघनिवडीतील मतभेद ही कारणे पुढे केली. खरे कारण माझ्या मते याहून खोल आहे: त्या काळच्या कारभाऱ्यांच्या लेखी ऑलिंपिक हाच खेळाचा परमोच्च सोहळा होता आणि विश्वचषकाचे महत्त्व त्यांना उमगलेच नव्हते. त्या पिढीचा श्रेष्ठ बचावपटू शैलेन मन्ना यानेही उत्तरायुष्यात अनवाणीपणाची सबब नाकारली. दोष पायांकडे देणे सोपे असते, कारण त्यात दारिद्र्याची करुणा आहे. निर्णय घेणाऱ्यांच्या संकुचित दृष्टीकडे दोष दिला की उत्तरे द्यावी लागतात. ती संधी पुन्हा आली नाही. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत भारत आजतागायत खेळलेला नाही.

आता ज्या माणसामुळे या संघाला सुवर्णकाळ लाभला त्याच्याकडे वळू. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. मुलांना शिकवावे आणि संध्याकाळी फुटबॉल खेळवावा हा त्यांचा नित्यक्रम. हैदराबाद शहर पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला आणि 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे त्या संघाने मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला, हा पराक्रम कूपरेजवर दाटी करून बसणाऱ्या मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला. रहीम यांच्या शिकवणुकीचे मर्म असे की, चेंडू पायात घोळवीत एकट्याने धावण्याचा जो मोह आपल्या खेळाडूंना फार, तो त्यांनी निग्रहाने मोडून काढला. त्यासाठी चेंडू घोळविण्यास मुळीच मुभा नसलेल्या स्पर्धा त्यांनी पोरांसाठी भरविल्या. चेंडू आला की त्याच क्षणी तो सोबत्याकडे गेला पाहिजे, हा शिरस्ता अंगी बाणेपर्यंत. विद्यार्थ्याच्या वहीतील चूक जशी शिक्षकाला खुपते, तशी खेळाडूच्या पायातील चूक त्यांना खुपे. सिकंदराबादच्या बाजूच्या तुलसीदास बलराम या मुलाला सरावास येण्याइतकेही पैसे जवळ नव्हते, तेव्हा भाड्याच्या सायकलीसाठी रोज एक रुपया रहीमसाहेबांनी त्याला दिला, ही हकीकत फुटबॉलच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. तो मुलगा पुढे भारताच्या सर्वोत्कृष्ट आघाडीवीरांत गणला गेला.

पोलीसखात्याची नोकरी आणि शिक्षकाची नजर या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते, ते 1951 साली दिसले. नवी दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, रहीम प्रशिक्षक आणि मन्ना नायक असलेल्या भारतीय संघाने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी तीन गोलांनी हरविले आणि अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मेवालालने केलेल्या एकमेव गोलावर सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीस मात्र युगोस्लाव्हियाने आपला 10-1 असा धुव्वा उडविला. थंडगार, ओल्या मैदानावर अनवाणी पाय ठरेनात. त्या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. बुटांचा हुकूम निघाला तो असा, दोन वर्षांनंतर आणि आपल्याच घरातून. ब्राझीलच्या विश्वचषकाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मेलबर्नचे 1956 चे ऑलिंपिक हे या संघाचे जगाच्या पाठीवरील सर्वांत उंच स्थान. हंगेरीत रशियन रणगाडे घुसले होते, त्या देशाच्या फुटबॉलसंघाने अंग काढून घेतले आणि भारतास पुढील फेरीत सरळ प्रवेश मिळाला. तेथे समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. 1 डिसेंबर रोजी झालेल्या त्या सामन्यात मुंबईच्या टाटा संघाचा नेव्हिल डिसोझा याने तीन गोल केले, चौथा किट्टूने केला आणि भारत 4-2 असा जिंकला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढविले होते त्यांच्याविरुद्ध भारत आघाडीवर आहे, हे दृश्य काही मिनिटे तरी मेलबर्नच्या प्रेक्षकांनी पाहिले. नंतर 4-1 असा पराभव झाला, कांस्यपदकासाठीचा सामनाही बल्गेरियाने 3-0 असा जिंकला आणि भारत चौथा आला. चार गोल करून स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत बसलेला हा मुंबईकर 1980 साली वारला. ज्या शहरात क्रिकेटच्या दुय्यम खेळाडूंची चरित्रे पाठ असतात, त्या शहरात नेव्हिल डिसोझा हे नाव किती तरुणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो. त्याच्या संघाने, म्हणजे मुंबई प्रांताने, 1954 साली संतोष चषक जिंकला होता. महाराष्ट्राच्या फुटबॉलचा तो बहराचा काळ होता.

टाटांनी, गिरण्यांनी आणि बंदर-विमानखात्यांनी मुंबईत जे काम केले ते देशभर रेल्वेने केले. प्रदीपकुमार बॅनर्जी, ज्यांना सारे पी. के. म्हणून ओळखत, त्यांनी मोठमोठ्या क्लबांची निमंत्रणे बाजूला सारून जवळजवळ सारी कारकीर्द ईस्टर्न रेल्वेकडून खेळण्यात घालविली, आणि त्याच संघाने 1958 साली कलकत्त्याच्या तीन बड्या क्लबांना मागे टाकून तेथील लीग जिंकली. मिरजेसारख्या जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला रेल्वेच्या नोकरीचे मोल सांगावे लागत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला वसाहतीत घर आणि दुपारनंतर सरावासाठी सवलत, एवढे मिळाले की गरीब घरचा मुलगा निर्धास्त मनाने खेळू शके. भारताचा सुवर्णकाळ अशा पगारपत्रकांवर उभा होता. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये पी. के. नायक होते, हंगेरीशी 2-1 अशी हार पत्करली, परंतु फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी झालेल्या सामन्यात भारताचा गोल त्यांनी स्वतः केला.

जाकार्ता, 1962 च्या आशियाई क्रीडास्पर्धा. येथे थोडे थांबलेच पाहिजे. रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. संघ यजमानांच्या रोषाचा धनी झाला होता, कारण इस्रायल आणि तैवान यांना इंडोनेशियाने प्रवेश नाकारल्यावर भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी या स्पर्धांना आशियाई म्हणता येणार नाही अशी भूमिका घेतली होती; परिणामी भारताच्या वकिलातीवर जमाव चालून गेला आणि खेळाडूंना रस्त्यात वावरणेही अवघड झाले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने 2-0 असे हरविले. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंग या धिप्पाड बचावपटूचे डोके फुटून सहा टाके पडले. जपानला 2-0 असे नमवून भारत उपांत्य फेरीत आला तेव्हा रहीम यांनी असा निर्णय घेतला जो दुसऱ्या कोणास सुचला नसता: टाके पडलेल्या जर्नेलला बचावातून काढून त्यांनी आघाडीला उभे केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने एक गोल केला आणि भारत 3-2 असा जिंकला.

4 सप्टेंबरला अंतिम सामना, पुन्हा त्याच कोरियाशी, सेनायनच्या प्रचंड क्रीडागारात, सुमारे लाखभर विरोधी प्रेक्षकांच्या गदारोळात. पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. कोरियाने शेवटी एक फेडला, परंतु तापातून उठलेला गोलरक्षक पीटर थंगराज आणि त्याच्यापुढची फळी यांनी उरलेली मिनिटे निभावली आणि चुनी गोस्वामी याच्या नायकत्वाखाली भारताने दुसऱ्यांदा आशियाई सुवर्ण मिळविले. त्या संघाच्या मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको हा मूळचा गोमंतकीय खेळाडू होता, मुंबईच्या टाटांकडून खेळणारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. पुढील वर्षी जूनमध्ये रहीम निवर्तले. त्यांच्याबरोबर विद्या कशी द्यावयाची याचे ज्ञानही गेले, कारण त्यांच्या पद्धतीचे दप्तर ठेवून तिच्यावर प्रशिक्षकांची दुसरी पिढी उभारण्याची दूरदृष्टी महासंघाने दाखविली नाही.

यानंतरचा वृत्तान्त मी थोडक्यात देतो, कारण त्यात रमावे असे फार नाही. 1964 च्या आशियाई चषकात उपविजेतेपद, 1970 साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कांस्य, मग दीर्घ उतार. त्या उताराचे कारण शेजाऱ्यांच्या प्रगतीत शोधावे लागते. ज्या जपानला आपण जाकार्तात हरविले, त्याने 1960 मध्येच डेटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाला पाचारण केले होते, 1965 साली राष्ट्रीय लीग सुरू केली आणि 1968 साली मेक्सिकोत ऑलिंपिक कांस्य मिळविले. भारतात राष्ट्रीय लीग सुरू होण्यास 1996 साल उजाडले. तोवर आपल्या स्पर्धा महिनापंधरा दिवसांच्या बादफेरीच्या, कलकत्त्याहून दिल्लीस आणि दिल्लीहून मुंबईस संघ हिंडत. आणि जगात नव्वद मिनिटे खेळ चालत असता आपल्या मैदानांवर दीर्घकाळ सत्तरच मिनिटांचा रिवाज होता. शेवटच्या वीस मिनिटांत आपला संघ थकतो हे सर्वांना दिसे. त्याचे कारण आपल्याच नियमांत आहे हे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

पोसणारी खातीही एकेक करून आटली. मुंबईच्या गिरण्या 1982 च्या संपानंतर सावरल्या नाहीत आणि मफतलालसारखे संघ इतिहासजमा झाले. रोव्हर्स चषक या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. 2006 साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड चार वर्षांत विसर्जित झाला. या पडत्या काळात गोव्याने मात्र आपला वाटा वाढविला. ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर हा गोलरक्षक 1984 साली गोव्याला संतोष चषक मिळवून देताना संपूर्ण स्पर्धेत अभेद्य राहिला, भारताचे नायकत्व त्याने केले आणि अर्जुन पुरस्काराचा मान मिळविला. ब्रुनो कुतिन्हो, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स ही पुढली नावे. गावागावांतील चर्च आणि देवळांसमोरची मैदाने, पंचायतीपासून वरपर्यंत बांधलेली स्पर्धांची उतरंड आणि साळगावकर-धेंपे यांच्यासारख्या खाणमालकांचे संघ, या तिहेरी आधारामुळे इतका छोटा प्रदेश इतके खेळाडू देऊ शकला.

अलीकडील काळाचा धनी सुनील छेत्री. फेब्रुवारी 1996 मध्ये जागतिक क्रमवारीत 94 व्या स्थानी असलेला संघ मार्च 2015 मध्ये 173 व्या स्थानी घसरला, तो पुन्हा शंभराच्या आसपास चढला यात छेत्रीच्या गोलांचा वाटा फार मोठा. जून 2018 मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चिनी तैपेईविरुद्ध त्याने तीन गोल केले तेव्हा प्रेक्षक अडीच हजारांच्या आसपास होते. त्याने लोकांना हात जोडून विनंती केली आणि त्याच आठवड्यात केनियाविरुद्ध मैदान भरून गेले. 2019 च्या आशियाई चषकात थायलंडवर 4-1 असा विजयही मिळाला. तथापि एका माणसाच्या खांद्यावर संघ किती दिवस तोलावा? छेत्रीने 2024 मध्ये निवृत्ती घेतली, पर्याय न सापडल्यामुळे दुसऱ्या वर्षी त्याला परत बोलवावे लागले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 2-1 असे हरून भारत 2027 च्या आशियाई चषकास मुकला. संघाची धुरा त्या वेळी मुंबईच्या फुटबॉलमध्ये मुरलेल्या खालिद जमील यांच्याकडे होती, हेही नोंदविले पाहिजे.

राहिले आपले कोल्हापूर-मिरजेचे टापू. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले, ही गोष्ट देशात विरळा असावी. मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम, शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने शाहू स्टेडियमवर रंगतात तेव्हा उभे राहण्यास जागा मिळत नाही आणि घराघरांत बापलेक दोन संघांचे असतात. इतके प्रेम असून राष्ट्रीय संघात या भागाची माणसे बोटांवर मोजण्याइतकीही का नाहीत? माझे उत्तर असे, की तालमीची निष्ठा पेठेपुरती असते आणि तिचा हंगाम काही महिन्यांचा. मुलगा पंचविसाव्या वर्षी पेठेचा नायक होतो, परंतु बाराव्या वर्षी त्याला शिकविणारा पगारी शिक्षक आणि अठराव्या वर्षी त्याला खेळाच्या जोरावर मिळणारी नोकरी, या दोन्ही पायऱ्या येथे कधी भक्कम झाल्या नाहीत. हैदराबादजवळ पोलीसखाते होते, कलकत्त्याजवळ रेल्वे, मुंबईजवळ गिरण्या. कोल्हापूरजवळ पेठेचा अभिमान होता, आणि अभिमानावर कोणाची चूल पेटत नाही. मिरजेचीही स्थिती याहून निराळी नाही, जरी येथे रेल्वेची वसाहत आहे आणि संध्याकाळी चेंडू खेळणारी पोरे आहेत.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, आणि 1950 साली जे दार आपण आपल्या हाताने लावून घेतले त्याच्या उंबऱ्यावर या पट्ट्यातील एक मुलगा प्रथमच उभा राहिला. त्यासाठी त्याला लहान वयात घर सोडून पुण्याच्या प्रशिक्षणकेंद्रांत जावे लागले. मिरज, सांगली आणि कोल्हापूर ही तीन शहरे एका तासाच्या टप्प्यात आहेत. त्यांच्या महानगरपालिकांनी आणि शिक्षणसंस्थांनी बारा ते सोळा वर्षांच्या मुलांची वर्षभर चालणारी एक साखळी स्पर्धा मंजूर करून प्रत्येक शाळेस एक पगारी प्रशिक्षक नेमला, तर पुढच्या अनिकेतला निदान शाळा संपेपर्यंत आपल्या घरी जेवून सरावास जाता येईल.